गोठ्यात पुन्हा पुन्हा साप निघत असेल तर: तपासणी कोणत्या क्रमाने करावी आणि कुठे थांबावे

इंदूरच्या आसपास, सिमरोल, महू, सांवेर, देपालपूर या पट्ट्यात, दोन-चार एकर शेती आणि चार-सहा जनावरे सांभाळणारी बरीच मराठी घरे आहेत आणि दर पावसाळ्यात त्यांच्याकडून एकच तक्रार ऐकू येते: गोठ्यात साप निघाला, सर्पमित्राने नेला, घरचे आठवडाभर जपून वावरले आणि पंधरा दिवसांत दुसरा निघाला. माझ्या स्वतःच्या गोठ्यात, नात्यातल्यांकडे आणि शेजारपाजारी मी हा प्रश्न वारंवार हाताळत आलो आहे. साप नेल्याने प्रश्न सुटत नाही, कारण ज्यासाठी तो आला ते गोठ्यातच शिल्लक राहिलेले असते. बहुतेक ठिकाणी ते म्हणजे उंदीर, आणि उंदीर येतात ते आपण जनावरांसाठी साठवलेल्या खाद्यावर. म्हणून खालची तपासणी सापापासून सुरू न होता खाद्यापासून सुरू होते.

साप या क्षणी समोर असेल तर मात्र ही तपासणी नंतर करावी. दोन-तीन मीटर मागे सरावे, मुले आणि कुत्रा यांना बाहेर काढावे, एका मोठ्या माणसाने लांबून सापावर नजर ठेवावी आणि दुसऱ्याने वनविभागाला किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन करावा. नजर ठेवणे आवश्यक आहे, कारण साप कुठे गेला हे कळले नाही तर सर्पमित्र येऊनही काही करू शकत नाही आणि त्या रात्री गोठ्यात कोणालाच निर्धास्तपणे जाता येत नाही. जनावरे सोडायची झाल्यास सापापासून सर्वांत दूरच्या टोकाकडून सुरुवात करावी, आणि जे जनावर सोडण्यासाठी सापाजवळून जावे लागेल ते तेथेच राहू द्यावे. बांधलेली गाय सापावर पाय देत नाही तोवर साप तिला चावण्याचे कारण सहसा नसते, पण तिला सोडवायला वाकलेल्या माणसाचा हात नेमका सापाच्या टप्प्यात जातो.

लक्षणे

साप दिसण्याच्या बऱ्याच आधी गोठा त्याची खबर देत असतो. दिवसा सातभाई किंवा साळुंक्या एकाच जागेभोवती गोळा होऊन खाली पाहत कलकलाट करत असतील, किंवा खार शेपूट झटकत एकाच ढिगाकडे तोंड करून ओरडत असेल, तर त्या जागी काहीतरी आहे असे समजावे. माझ्या अनुभवात यापेक्षा खात्रीची खूण दुसरी नाही. रात्री म्हैस दाव्याला हिसके देत फुरफुरते, कान पुढे करून एकाच कोपऱ्याकडे पाहत राहते, किंवा रोजच्या गव्हाणीजवळ जायला नकार देते. खुराड्यातल्या कोंबड्या अवेळी ओरडतात, अंडी कमी होऊ लागतात, पिल्ले नाहीशी होतात. यांपैकी एखादी गोष्ट मांजर, मुंगूस किंवा घूस यांच्यामुळेही घडू शकते. दोन-तीन एकत्र दिसल्या तर तपासणीला लागावे.

कात सापडली तर ती फेकून देऊ नये. चिमट्याने उचलून ती पाण्यात थोडी भिजवावी आणि पांढऱ्या कापडावर हलक्या हाताने पसरावी. पाठीच्या अगदी मध्यावरून जाणारी खवल्यांची ओळ आजूबाजूच्या खवल्यांपेक्षा मोठी आणि षटकोनी दिसली तर कात मण्यारीची असण्याची शक्यता फार मोठी आहे, आणि मग पुढच्या सर्व कामांत झोपण्याच्या व्यवस्थेला पहिला मान द्यावा. कात कोठे अडकली होती हेही लक्षात ठेवावे, कारण साप अंग घासायला खडबडीत आणि अरुंद जागा निवडतो आणि ती जागा त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असते.

चार साप ओळखता आले पाहिजेत. नाग फणा काढतो, म्हणून त्याच्याबद्दल घोळ कमी होतो. मण्यार, जिला येथे सगळे करैत म्हणतात, ती चकचकीत निळसर काळी असते आणि तिच्या अंगावर पातळ पांढरे पट्टे बहुधा जोडीने असतात. हे पट्टे मानेजवळ पुसट किंवा नसल्यासारखे असून शेपटीकडे ठळक होतात. निरुपद्रवी कवड्या सापाचे याच्या उलट असते, त्याचे पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे विरत जातात. घोणस जाड अंगाची, त्रिकोणी डोक्याची, पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी असलेली, आणि डिवचली गेली की कुकरची शिट्टी सुटावी तशी दीर्घ फुत्कारणारी. फुरसे जेमतेम दीड-दोन फुटांचे, डोक्यावर बाणासारखी खूण असलेले, वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज करणारे. ही ओळख लांबून सावध होण्यापुरतीच वापरावी. पट्टे मोजण्यासाठी जवळ जाणे हा तिचा उपयोग नव्हे, आणि शंका आली की साप विषारी आहे असेच धरून चालावे.

कधी निघतो, त्यावरून कारण

मालव्यातली काळी माती उन्हाळ्यात फाटते आणि त्या खोल भेगांमध्ये साप, उंदीर आणि बेडूक एकत्रच दिवस काढतात. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात भेगा पाण्याने भरतात आणि सगळे जीव उंच, कोरड्या जागेकडे सरकतात. ती जागा बहुतेकदा आपला गोठा असतो. याच सुमाराला नागाची अंडी फुटतात आणि घोणशीची पिल्ले जन्मतात, त्यामुळे वीतभर लांबीचे साप दिसू लागतात. त्यांचे विष पहिल्या दिवसापासून काम करते. दुसरी लाट सोयाबीन कापणीच्या वेळी, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये येते: शेत मोकळे झाले की उंदीर धान्य आणि भुशाकडे धावतात आणि साप त्यांच्या मागे. थंडीत साप कमी दिसतात, परंतु घोणस त्याच काळात दिवसा उन्हाला पडलेली आढळते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत बांधावरून गवत कापताना ढिलाई करू नये.

भारतातल्या सर्पदंशाच्या मृत्यूंचा २०२० साली प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाल्याचे सांगतो, आणि बहुसंख्य मृत्यू ज्या आठ राज्यांच्या ग्रामीण भागात झाले त्यांत मध्य प्रदेश आहे. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले आहेत. म्हणून खालची कामे मे महिन्यातच उरकावीत.

पहिली तपासणी: आपल्या सवयी (खर्च जवळजवळ नाही)

सगळ्यात आधी घरातला प्रत्येक माणूस अंधारात गोठ्यात कसा जातो ते पाहावे. पहाटे धार काढायला जाणारी व्यक्ती अनवाणी किंवा चपलेत जात असेल आणि टॉर्च न घेता सवयीने चालत असेल, तर बाकीचे सगळे उपाय अपुरे आहेत. बहुतेक दंश पावलावर आणि घोट्याजवळ होतात, म्हणून गुडघ्याच्या खालपर्यंत येणारे रबरी गमबूट हा या यादीतला सर्वांत उपयोगी खर्च आहे. घालण्यापूर्वी ते उलटे करून झटकावेत. हातात काठी असावी आणि ती जमिनीवर आपटत चालावे. जमिनीचा हादरा जाणवला की नाग किंवा धामण बाजूला होते. घोणस मात्र जागची हलत नाही, म्हणून काठीवर विसंबून टॉर्च घरी ठेवू नये.

हात जिथे दिसत नाही तिथे घालायचा नाही. गव्हाणीचा तळ, गोवऱ्यांचा ढीग, सरपण, रचलेल्या पोत्यांमागची फट, कोंबडीचे खुराडे, या सगळ्या ठिकाणी आधी प्रकाश, मग लांब दांड्याचे दाताळे किंवा आकडी, आणि सर्वांत शेवटी हात. आमच्या शेजारच्या काकू संध्याकाळी अंधुक उजेडात खुराड्यात हात घालून अंडी चाचपत असत. अंडी काढण्याची वेळ दुपारी चार केली आणि खुराड्याचे दार मोठे करून आतले सगळे दिसेल असे केले, एवढ्याने तो धोका निघून गेला.

गाय-म्हैस व्यायला आली की राखणीसाठी कोणीतरी गोठ्यात झोपते. जमिनीवर झोपणे पूर्ण बंद करावे. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते, दंश इतका हलका असतो की अनेकदा माणूस जागाही होत नाही आणि खूणही धड दिसत नाही. खाट वापरावी, तिच्यावर मच्छरदाणी लावून तिची कड गादीखाली चारी बाजूंनी खोचावी आणि पांघरूण जमिनीला लोंबू देऊ नये. रात्री उठताना पाय खाली टाकण्यापूर्वी टॉर्च लावावा.

दुसरी तपासणी: राखेची रेघ

याला फक्त चुलीतली राख लागते. राख चाळून घ्यावी आणि रात्री शेवटची फेरी झाल्यावर दाराच्या उंबऱ्याशी, गोमूत्राच्या नालीच्या तोंडाशी आणि भिंतीतल्या प्रत्येक संशयित भगदाडासमोर तिचा हातभर रुंद, पातळ पट्टा पसरावा. पहाटे झाडण्यापूर्वी टॉर्च तिरपा धरून पट्टा वाचावा. उंदराची पावले सुटी आणि बारीक उमटतात, मधून शेपटीची रेघ दिसते. साप गेला असेल तर राख सलग सरकलेली आणि वळणे घेत गेलेली दिसते. तीन-चार कोरड्या रात्री हे करावे. ओल्या हवेत राख बसते आणि खूण उमटत नाही, म्हणून पावसाच्या रात्रीचा निष्कर्ष धरू नये.

ही तपासणी महत्त्वाची का, तर पुढची खर्चाची कामे कोणत्या बाजूने करायची ते तिच्यावरून ठरते. अनेकांनी सगळ्या भिंतींना गिलावा केला, आणि साप येत होता तो नालीतून.

तिसरी तपासणी: खाद्य आणि उंदीर

माझ्या मते इथेच दहापैकी बहुतेक गोठ्यांचा प्रश्न सुटतो, म्हणून इथे घाई करू नये.

सरकी, ढेप, मक्याचा भरडा, कोंड्याची पोती जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलेली असतील तर तेथे उंदीर असणारच. सगळे खाद्य घट्ट झाकणाच्या लोखंडी किंवा जाड प्लास्टिकच्या ड्रममध्ये जावे. वापरलेले ड्रम घेणार असाल तर त्यांत पूर्वी कीटकनाशक किंवा रसायन नव्हते याची खात्री करावी. संध्याकाळी गव्हाणीत उरलेले आंबोण काढून घ्यावे, कारण रात्रभर तिथे राहिलेले ओले खाद्य हे उंदरांसाठी रोजचे पान असते. गव्हाण जमिनीलगत असेल तर तिच्या खालची जागा रोज झाडता आली पाहिजे.

मग उंदरांची बिळे तपासावीत. संध्याकाळी गोठ्याच्या आत आणि भोवती जितकी बिळे दिसतील त्या सगळ्यांची तोंडे लांब दांड्याच्या फावड्याने माती ढकलून हलकीच बंद करावीत, हाताने मुळीच नव्हे. दुसऱ्या दिवशी जी बिळे पुन्हा उघडलेली दिसतील ती उंदरांची चालू बिळे. साप स्वतः बीळ खणत नाही, तो उंदराचेच बीळ, वारूळ किंवा मातीची भेग वापरतो. म्हणून चालू बिळांची संख्या आठवड्यागणिक कमी होत गेली तर आपण योग्य मार्गावर आहोत असे समजावे.

उंदरांसाठी पिंजरे वापरावेत आणि ते भिंतीच्या कडेने ठेवावेत, कारण उंदीर उघड्यावरून न जाता भिंतीला घासून चालतो. झिंक फॉस्फाइडसारखे विष गोठ्यात वापरू नये. विषाचे आमिष खाद्यात मिसळले गेले तर जनावर दगावते, आणि मेलेला उंदीर कुत्र्या-मांजराच्या पोटात जातो. शेजारी गोठा असेल तर दोघांनी एकाच आठवड्यात पिंजरे लावावेत. एकट्याने लावले तर पलीकडचे उंदीर रिकामी जागा भरून काढतात.

चौथी तपासणी: ढीग, गवत, दिवा, पाणी

गोवऱ्या, सरपण, जुनी कौले, विटा आणि मोडकी अवजारे भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून दीड फूट उंच मांडणीवर ठेवावीत. खाली उजेड पोहोचला की साप तेथे राहत नाही. भुशाची किंवा कडब्याची गंजी गोठ्याला लागून नसावी, जागा असेल तर पंचवीस-तीस फुटांवर असावी. शेणखताचा उकिरडा थंडीत आतून उबदार राहतो, म्हणून त्याच्यासाठीही हेच अंतर पाळावे. गोठ्याभोवती आठ-दहा फुटांचा पट्टा गवत कापून मोकळा ठेवावा. पावसाळ्यात हे काम दर पंधरवड्याला करावे लागते आणि नेमके तेव्हाच ते राहून जाते.

दिव्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. दारावरच पांढरा प्रखर बल्ब असला की पावसाळ्यात त्याच्याभोवती किडे जमतात, किड्यांसाठी खाली बेडूक बसतात आणि बेडकांसाठी साप येतो. दिवा दारापासून काही अंतरावर खांबावर लावून त्याचा झोत दाराकडे वळवावा आणि पिवळसर बल्ब वापरावा. प्रकाश तेवढाच मिळतो आणि गर्दी उंबऱ्यापासून दूर राहते. गळकी टाकी, ओल धरणारी मोरी आणि हौदाभोवतीचा चिखल याच कारणासाठी दुरुस्त करावा.

पाचवी तपासणी: भगदाडे आणि नाली

भगदाड बुजवण्यापूर्वी आत काही नाही याची खात्री करावी लागते. राखेच्या रेघेवर दोन रात्री काहीही उमटले नाही तरच बुजवावे. आत साप असताना तोंड बंद केले तर तो दुसरीकडून, बऱ्याचदा गोठ्याच्या आतल्या बाजूने, वाट काढतो. खूण उमटत असेल तर ते भगदाड तसेच ठेवून सर्पमित्राला दाखवावे. बुजवताना नुसती माती उपयोगाची नाही, उंदीर ती एका रात्रीत उकरतो. खडी आणि सिमेंट दाबून भरावे.

नालीच्या तोंडाला पाव इंची छिद्रांची लोखंडी जाळी बसवावी. मोठ्या छिद्रांतून सापाची पिल्ले सहज आत येतात. दाराखालची फट पाव इंचापेक्षा जास्त असेल तर रबरी पट्टी लावावी. खुराड्यालाही हीच जाळी. नायलॉनची मासेमारी जाळी कुंपणाला लावण्याची पद्धत अलीकडे दिसते, ती टाळावी: साप तिच्यात अडकतो, जिवंत राहतो, आणि तो सोडवण्याचे काम मोकळ्या सापापेक्षा अधिक धोक्याचे होते.

सहावी तपासणी: बांधकाम

इतके करूनही साप येत राहिला तरच खर्चाकडे वळावे. जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा फूट-दीड फूट उंच करणे, तळ सिमेंटचा पण खरबरीत ठेवणे म्हणजे जनावर घसरणार नाही, आणि भिंतीला आतून-बाहेरून दोन-तीन फुटांपर्यंत गिलावा करणे, हा क्रम ठेवावा. आधीची कामे न करता केलेले बांधकाम वाया जाते, कारण उघड्या पोत्यांसाठी उंदीर छपरावरूनही येतो. बांधावरचे वारूळ स्वतः खणू नये.

काय चालत नाही

फिनाइल, कार्बोलिक ॲसिड, गंधक, लसणाचे पाणी, डांबराच्या गोळ्या, रॉकेल: यांपैकी कशानेही साप खात्रीने दूर राहत नाही. कार्बोलिक ॲसिडने जनावरांची कातडी आणि खूर भाजतात, डांबराच्या गोळ्या शेळीने खाल्ल्या तर विषबाधा होते. शिवाय अशा वासाने मनाला खोटा धीर येतो आणि टॉर्च घरी राहतो, हा त्याहून मोठा तोटा. गोठ्यात धामण दिसली तर तिला मारू नये; ती बिनविषारी असून उंदरांचा फडशा पाडते. साप मारणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहेच, आणि काठी घेऊन सापाच्या मागे लागलेल्या माणसालाच दंश होण्याची शक्यता सर्वाधिक असते.

कुठे थांबावे

साप दिसत असेल, तो गव्हाणीत किंवा भिंतीच्या फटीत शिरला असेल, अंडी किंवा अनेक पिल्ले आढळली असतील, साप जाळीत अडकला असेल, किंवा राखेवर एकाच भगदाडाशी रोज खूण उमटत असेल, तर आपले काम तेथे संपले. यापुढे वनविभाग किंवा प्रशिक्षित सर्पमित्र. चांगला सर्पमित्र हूक, नळी आणि पिशवी घेऊन येतो, गर्दी मागे हटवतो, सापाशी खेळ करत नाही आणि फोटोसाठी तो कोणाच्या हातात देत नाही. खेळ करणाऱ्याला पुन्हा बोलावू नये.

माणसाला दंश झाला तर

एकच उपचार आहे, प्रतिसर्पविष, आणि तो फक्त रुग्णालयात होतो, कारण त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते आणि ती सांभाळायला डॉक्टर जवळ लागतात. आपल्याकडचे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप पकडून किंवा मारून नेण्याची काहीही गरज नाही.

माणसाला चालू-पळू देऊ नये. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढावे, कारण सूज चढल्यावर ते रुततात. दंश झालेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवावा. चिरा देणे, रक्त चोखणे, आवळून दोरी बांधणे, बर्फ लावणे, यांतले काहीही करू नये. आवळून बांधलेल्या दोरीने पाय गमावण्याची वेळ येते. दंशाची वेळ कागदावर लिहावी आणि १०८ ला फोन करावा. गाडी यायला उशीर होणार असेल तर मोटारसायकलवर चालवणारा आणि मागे धरून बसणारा यांच्यामध्ये रुग्णाला बसवून निघावे. केंद्र सरकारने २०२४ मध्ये १५४०० ही सर्पदंश मार्गदर्शन हेल्पलाइन ज्या पाच राज्यांत प्रायोगिक पातळीवर आणली त्यांत मध्य प्रदेशही आहे. तरीही निघण्यासाठी कोणत्याही फोनची वाट पाहू नये. प्रतिसर्पविष कोठे आहे आणि कृत्रिम श्वासाची सोय कोठे आहे हे पावसाळ्यापूर्वीच विचारून ठेवावे. इंदूर शहरात एम.वाय. रुग्णालय आहे, पण पहिला डोस जवळच्या सरकारी रुग्णालयात मिळत असेल तर तो घेऊनच पुढे जावे.

सूज नाही, वेदना नाही, म्हणून घरी थांबणे हे मण्यारीच्या बाबतीत जीवघेणे ठरते. पहाटे पोटात दुखणे, घसा आवळल्यासारखा होणे, पापण्या जड होऊन मिटणे, बोलताना जीभ अडखळणे ही लक्षणे काही तासांनी येतात आणि त्यानंतर श्वास थांबतो. म्हणून संशयित दंशातही चोवीस तास रुग्णालयात देखरेखीखाली राहावे.

मालव्यात सर्पदंशावर लोकदैवत तेजाजी महाराजांच्या नावाने तांती, म्हणजे श्रद्धेचा दोरा, बांधण्याची श्रद्धा आहे आणि ती मी कोणालाही सोडायला सांगत नाही. मनगटात सैल तांती गाडीत बसल्या बसल्याही बांधता येते. तेजाजींच्या ठाण्यावर जाण्यासाठी गाडी रुग्णालयाची वाट सोडून वळवू नये, एवढीच हात जोडून विनंती आहे.

जनावराला दंश झाला तर

चरताना दंश बहुधा नाकपुडीवर, ओठावर किंवा पायावर होतो. तोंडाला एकाएकी सूज, लाळ, अडखळते पाय, नाकातून किंवा लघवीतून रक्त दिसले तर जनावराला तेथेच सावलीत स्थिर ठेवावे आणि म्होरकी व वेसण ताबडतोब सैल करावी, कारण नाकाची सूज वाढली की आवळलेल्या म्होरकीने श्वास कोंडतो. तूप, दूध, काढा काहीही तोंडात ओतू नये; गिळण्याची शक्ती गेली असेल तर ते फुप्फुसात उतरते. फिरत्या पशुचिकित्सा गाडीसाठी १९६२ ला फोन करावा. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्या बाजूच्या लोकांना त्याचा आधार जवळ आहे.

पावसाळ्यात गळ्याला अचानक आलेली सूज नेहमी दंशाचीच असते असे नाही. घटसर्प, म्हणजे येथील गलघोंटू, या रोगातही गळा सुजतो आणि श्वास घरघरतो, पण त्यात ताप १०५ अंश फॅरेनहाइटच्या पुढे चढतो. थर्मामीटर गोठ्यात असावा, फोनवर डॉक्टरांना तापाचा आकडा सांगता आला तर ते योग्य औषध घेऊन निघतात. दोन्हींत तासांचा प्रश्न असतो आणि दोन्हींत घरगुती उपचारांना जागा नाही. घटसर्पाची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी. दंश झालेल्या जनावराचे दूध डॉक्टर सांगेपर्यंत घरात किंवा डेअरीत देऊ नये.

जनावर किंवा माणूस दगावल्यास शवविच्छेदन टाळू नये. मध्य प्रदेशात राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४, म्हणजे महसूल खात्याच्या मदतीच्या नियमांनुसार, सर्पदंशाने मृत्यू झालेल्या व्यक्तीच्या वारसांना चार लाख रुपयांची मदत मिळते आणि मृत्यूचे कारण सिद्ध करणारा कागद शवविच्छेदनाचाच असतो. जनावरासाठीही पशुवैद्यकाचा अहवाल आणि पटवाऱ्याचा पंचनामा लागतो, म्हणून पुरण्यापूर्वी दोघांनाही कळवावे.